वीस तासाला पाच मिनिटं कमी

कुंडलिक म्हापणकर गेले त्याला आज तेरा दिवस झाले. आमच्या चकाल्याच्या वसाहतीच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. एरवी त्यावर पाणी किती वाजता येणार आणि मीटिंग कधी आहे एवढंच असतं. गेले तेरा दिवस त्यावर रंगीत खडूंनी लिहिलंय, ‘हसतमुख, परोपकारी, विमानविद्येचे जाणकार कै. कुंडलिककाका यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ ड्यूटीला जाताना मी ते वाचते, येताना वाचते, आणि दोन्ही वेळेला डोक्यात तिडीक जाते. हसतमुख होते, मान्य. परोपकारी, तेही मान्य. पण जाणकार? त्यांच्या त्या जाणकारीनेच माझी वाट लावली. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये हे मलाही कळतं. पण जिवंत होते तेव्हा माझं कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून आता लिहिते.

काका मूळचे कणकवलीकडचे, आमच्यासारखेच. त्यांचे वडील गिरणीत, माझेही गिरणीत. माझे वडील मी शाळेत असताना गेले, आणि आईने पोळीभाजीचे डबे करून मला वाढवलं. काका मात्र शिकले, मॅट्रिक झाले, आणि सांताक्रूझ विमानतळावर एका विमान कंपनीच्या स्टोअरमध्ये लागले. खिळे, रंग, दोरखंड, खुर्च्यांची कव्हरं असं सगळं मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं, हे त्यांचं काम. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. विमानात ते जन्मात दोनदा बसले, दोन्ही वेळा नागपूरला, आणि दोन्ही वेळा लख्ख उजेडात. हे मी मुद्दाम सांगते आहे.

पण वसाहतीत त्यांचा रुबाब वैमानिकाचा होता. ते वरच्या मजल्यावर राहायचे, आम्ही बरोबर त्यांच्या खाली. घरात टेलिफोन होता, आख्ख्या वसाहतीत पहिला. आणि खिडकीशी एक पृथ्वीचा गोल होता. चोरबाजारातून आणलेला, दहा इंची, त्यावरचे अर्धे देश आता त्या नावांचे राहिलेही नव्हते. कुणाचा मुलगा दुबईला निघाला, कुणाची मुलगी लग्न होऊन लंडनला चालली, की माणसं आधी वर काकांकडे जायची. काका वनमालाकाकींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढायचे, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचे, दुसरं त्या गावावर ताणायचे, मग तो दोरा लाकडी फूटपट्टीवर ठेवायचे. एका इंचाला बाराशे सत्तर किलोमीटर. हा आकडा त्यांनी स्वतः काढला होता आणि बरोबर काढला होता, ते मी नाकारत नाही.

“न्यूयॉर्क,” ते म्हणायचे, “दहा इंचाला जरासं कमी. म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. आता हा दोरा कुठून गेला बघा. समुद्रावरून नाही, रशियाच्या डोक्यावरून गेला!” मग सगळ्यांनी तोंडात बोटं घालायची. त्यानंतर भागाकार, मध्ये विमान थांबणार असेल तर त्याचे तास, मग तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा किती मागे, आणि शेवटी उत्तर. माणूस अमुक वाजता उतरणार. उत्तर बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने बरोबर यायचं, आणि चार दिवसांनी तिकडून पत्र आलं की काका ते सगळ्यांना वाचून दाखवायला लावायचे.

मला मात्र त्यांनी बुडवलं.

सन त्र्याऐंशी. मी नर्सिंग पुरं करून तीन वर्षं म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात काढली होती. अमेरिकेत नर्स कमी पडताहेत, म्हणून तिकडच्या एका इस्पितळासाठी फोर्टातला एक एजंट मुली निवडत होता. मी परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले, पुन्हा दिली, पास झाले. नऊ जणींत माझं नाव लागलं, सुगंधा तावडे. व्हिसा झाला. आईने देवापुढे पेढे ठेवले आणि तोंड फिरवून रडली. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी मुंबईच्या पलीकडे गेलं असेल तर ते कणकवलीला, एसटीने. मला जायचं होतं. उगाच साळसूदपणा कशाला, आईला सोडून जायचं होतं, या दोन खोल्या सोडून जायचं होतं, आणि ते मला आयुष्यात एकदाच मिळत होतं.

तिकीट आलं ते मी वर घेऊन गेले. मीच गेले. कुणी मला ढकललं नव्हतं.

काकांनी चष्मा लावला, तिकीट उलटसुलट केलं. मुंबई ते लंडन, शनिवार एकोणीस नोव्हेंबर, दोन पन्नास. लंडन ते न्यूयॉर्क, शनिवार एकोणीस नोव्हेंबर, नऊ तीस. काकांनी दोरा काढला. लंडनपर्यंत साडेपाच इंचाच्या वर, पुढे साडेचारला कमी. लंडनला साडेनऊ तास, तिथे दोन तास चाळीस मिनिटं थांबायचं, पुढे पावणेआठ तास. पाटीवर बेरीज केली. “वीस तासाला पाच मिनिटं कमी! न्यूयॉर्कला दुपारी सव्वाबाराला उतरशील. झकास! जेवायच्या वेळेला.”

मी म्हटलं, “काका, दोन पन्नास म्हणजे दुपारी की रात्री?”

“रात्री गं. दुपारचं असतं तर चौदा पन्नास लिहिलं असतं.”

“मग शनिवारी रात्री जेवून निघायचं?”

“तर! शनिवारी रात्री अकराला इथून हललो तरी चालेल. सहारचा विमानतळ काय, पायरीवर आहे आपल्या.”

मी तीन वर्षं रात्रपाळ्या केल्या होत्या. बारा वाजले की आम्ही तापाच्या तक्त्यावर पुढची तारीख घालतो. न घालणाऱ्या मुलींना मेट्रन सगळ्यांसमोर झाडते. घरी मात्र आपला वार सूर्य उगवेपर्यंत बदलत नाही. रात्री दोनला कुणी गेलं तर त्याला आपण आदल्या दिवशीच्या रात्री गेला म्हणतो, आई आपला उपास सकाळी उठल्यावर सोडते, रात्री बाराला नाही. हे दोन्ही हिशेब माझ्या डोक्यात एकाच वेळी होते आणि मला काहीतरी टोचलं. मी विचारलं, “पण काका, मी शनिवारी रात्री इथून निघाले तर शनिवारीच सकाळी साडेनऊला लंडनहून पुढे कशी जाईन?”

काका हसले. ते हसणं मी अजून विसरले नाही. त्यांनी गोल फिरवला, लंडनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “अगं वेडे, तिकडे घड्याळ मागे असतं ना! तीच तर गंमत आहे. माणूस पुढे जातो आणि वेळ मागे. तुला नाही कळायचं ते.”

साडेपाच तास मागे असतं ते घड्याळ. साडेपाच! विमानाला जायलाच साडेनऊ तास लागतात, हे त्यांनी त्याच पाटीवर दोन मिनिटांपूर्वी लिहिलं होतं. जरा पुन्हा मांडलं असतं तर चिमुरड्या पोरीलाही दिसलं असतं की निघायच्या आधी पोचता येत नाही. पण मांडलं कुणी? त्यांना सगळं येत होतं, म्हणून त्यांनी मांडलं नाही. आणि मला ते म्हणाले की तुला नाही कळायचं, म्हणून मीही मांडलं नाही. मला माझा स्वतःचा जेवढा राग येतो तेवढा त्यांचाही येत नाही.

शनिवारी दिवसभर घर भरलेलं होतं. ओवाळणं झालं, नारळ दिला, सगळ्या बायकांनी कुंकू लावलं. आईने लाडवांचा डबा दोरीने तीन वेळा बांधला आणि सोडला. मी रडले, आई रडली, वनमालाकाकी रडल्या. अकराला निघायचं ते साडेअकरा झाले. भाजीवाल्याचा टेम्पो आणला होता, त्यात वसाहतीतली वीस-बावीस माणसं हार घेऊन उभी. काका पुढे ड्रायव्हरशेजारी, इस्त्रीचा सफारी घालून. सहारला लोकांना बाहेरच कठड्याशी अडवलं. मी एकटी आत गेले.

काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं. “हे विमान काल रात्रीच गेलं,” ती म्हणाली. मी म्हटलं, आज एकोणीस आहे. ती म्हणाली, “आज एकोणीस आहेच. पण एकोणीसचे दोन पन्नास आज पहाटेच वाजून गेले. आता बारानंतर वीस लागेल.” तिने ते अगदी हळू, नीट सांगितलं. मला ते ताबडतोब कळलं. मला ते आधीपासूनच कळलेलं होतं. गळ्यात झेंडूचे सात हार होते आणि मी तिथे उभी होते.

सोमवारी फोर्टात गेले. एजंटाच्या ऑफिसातला चंद्रप्रकाश म्हणून माणूस होता, त्याने यादी पुढे केली. माझ्या नावावर तांबडी रेघ. आठ जणींची तुकडी गेली, माझ्या जागी वेटिंगमधली सांगलीची एक मुलगी पुढच्या विमानाने चालली होती. आमची तिकिटं एकगठ्ठा होती, त्यातलं एकच मागाहून वापरता येत नव्हतं. पुढची तुकडी कधी, विचारलं. तो म्हणाला, कळवू. अजून कळवलेलं नाही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माणूस चुकतो. मला चीड आली ती नंतरच्या गोष्टीची. आठवड्याच्या आत सगळ्या वसाहतीत एकच बोललं जाऊ लागलं, की सुगंधाचं विमान चुकलं कारण सुगंधाचं आवरेना. रडत बसली, वेणी घालत बसली, काका बिचारे टेम्पोत बसून हाका मारत होते. नळावर, दुधाच्या रांगेत, पुढच्या वर्षी गणपतीच्या मंडपातही. मी तिकीट दाखवायचे. ते म्हणायचे, “शनिवार एकोणीसच लिहिलंय की. आपण शनिवारीच तर गेलो! अर्धा तास उशीर झाला, झालं.” मी बारा वाजता तारीख बदलते ते समजावायचे, तर बायका एकमेकींकडे बघायच्या. एकीने तर तोंडावर सांगितलं, “अगं, कुंडलिककाका सबंध जन्म विमानतळावर आहेत, ते चुकतील आणि तू बरोबर?”

काका यावर काहीच बोलायचे नाहीत. जिन्यात भेटले की मान खाली घालून भिंतीकडून जायचे. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. सहा वर्षं त्यांच्या पायाखाली राहून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मला अमेरिका परत नको होती, ती गेली ती गेलीच. मला एवढंच हवं होतं की या माणसाने चार लोकांत उभं राहून म्हणावं, चूक माझी, पोरीची नाही. फक्त एवढं. लग्नाची दोन स्थळं आली, त्यांच्याही कानावर हीच गोष्ट आधी पोचली होती, ही ती विमान चुकवलेली. दोघांनीही नंतर काही कळवलं नाही.

यंदा फेब्रुवारीत ते माझ्याच वॉर्डात दाखल झाले. छातीत पाणी झालं होतं. वॉर्डात चाळीस खाटा, त्यांची नेमकी माझ्या रांगेत. मी इंजेक्शनं दिली, पाठ पुसली, तक्ता भरला. बोलले नाही. आई मात्र रोज चारला भेटीच्या वेळेस डब्यातून पेज घेऊन यायची, कारण वनमालाकाकींचे गुडघे दुखतात.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांची नाडी बघत होते, तेव्हा ते म्हणाले, “सुगंधा, फोन आला होता.”

मी म्हटलं, “कुणाचा?”

“त्या रात्री. शुक्रवारी. एक वाजला होता. विमानतळावरून एक बाई बोलत होती, तुमच्या तुकडीतली थोरली सिस्टर. म्हणाली, सुगंधा तावडे कुठे आहे, आम्ही थांबलोय. तू फॉर्मवर माझा नंबर दिला होतास ना.” त्यांना दम लागला. “मी म्हटलं, बाई, तुम्ही एक दिवस आधी आलात. तिचं विमान उद्या रात्री आहे. मी विमानतळावरचा माणूस आहे, मला शिकवू नका. आणि फोन ठेवला.”

मी त्यांचं मनगट तसंच धरून होते. एक वाजता. चकाल्याहून सहार दहा मिनिटं. बॅग भरून दाराशी उभी होती, मी तिच्यावरच डोकं टेकून जागी होते. त्यांच्या फरशीखाली, दहा फुटांवर. एकदा पाय आपटला असता तरी मला ऐकू आलं असतं.

“हे तुम्ही सहा वर्षं पोटात ठेवलंत?” माझा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. “माझ्या नावाने लोक काय काय बोलले ते ऐकलंत ना? तोंडात मूग गिळून बसलात! आता चारला आई येईल. तिच्यासमोर सांगा. माझ्या आईला तरी कळू दे की तिची मुलगी वेणी घालत नव्हती बसली.”

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

चारला आई आली. डबा स्टुलावर ठेवला, पदराने घाम पुसला. मी काकांच्या उशाशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, बोला. ते बोलले. सगळं बोलले, फोनसकट, थांबत थांबत, आईकडे न बघता. आई डब्याचं झाकण उघडत होती. तिने ते पुरतं उघडलं, चमचा काढला, आणि म्हणाली, “माका ठावक आसा ता.”

मी म्हटलं, “काय ठाऊक आहे?”

“रविवारी सकाळीच खाली इल्ले होते. रडत होते. तू झोपलेली होतंस. मियांच तेंका सांगितलंय, गप रवा म्हणून.”

“तू?”

“मग काय करू? वीस माणसां हार घेवन गेली होती. तेंची चूक म्हटली असती तर हेंनी उद्या तोंड खंय दाखवायचा? आणि आपण कोणाच्या दारात जायचा? रात्री-अपरात्री तुझा बापूस गेलो तेव्हा हेच धावले. इमान काय परत येवचां होतां? शेजार तरी रवलो.”

मी विचारलं, “आणि मला आवरायला उशीर झाला, हे कुणी उठवलं?”

आईने माझ्याकडे सरळ पाहिलं. तिच्या तोंडावर लाज नव्हती. “मियांच. लोकांक कायतरी सांगूक होया होतां ना. चेडू रडत बसला म्हटल्यावर कोणी पुढे विचारीत नाय.”

काकांनी डोळे मिटून घेतले होते. आईची ही गोष्ट त्यांना माझ्यापुढे सांगायची नव्हती, म्हणून ते सहा वर्षं भिंतीकडून जात होते. आणि मी त्या माणसावर जळत होते, आणि रोज रात्री घरी येऊन जिने माझं नाव घालवलं तिच्याच हातची भाकरी खात होते. तिने मला विचारलंही नव्हतं. शेजार टिकवायला घरात काय आहे द्यायला, म्हणून तिने बघितलं, आणि मी होते.

“पेज थंड होतली,” आई म्हणाली. “तेंका भरव.”

भेटीची वेळ होती, सगळा वॉर्ड बघत होता, आणि रोग्याला भरवणं हे माझं काम होतं. मी डबा घेतला आणि पहिला चमचा त्यांच्या ओठाला लावला. मी रागातच भरवते आहे, दया आली म्हणून नाही, हे आईला कळावं म्हणून मी तिच्याकडेच बघत राहिले. ती डब्याचं झाकण पुसत होती.